कार्डावरचं चुकलेलं नाव आणि गाळलेली वीस वर्षं

१९५३ साली अमेरिकेत टॉप्स ही कंपनी च्युइंगगमच्या पाकिटात बेसबॉल खेळाडूंची रंगीत कार्डं घालून विकायची. त्यातलं २२० नंबरचं कार्ड आज संग्राहक जिवापाड जपतात. सेंट लुईस ब्राऊन्स संघाच्या एका कृष्णवर्णीय पिचरचं रंगवलेलं चित्र. (पिचर म्हणजे आपला गोलंदाज समजा.) नाव सॅचेल पेज. गंमत म्हणजे कार्डावर त्याच्या नावाचं स्पेलिंगच चुकलंय, शेवटी एक ‘एल’ जास्तीचा पडलाय.

ही चूक एका अक्षराची. त्याच्या कारकिर्दीच्या अधिकृत हिशेबातून मात्र वीस वर्षं गायब होती, आणि ती काही नजरचुकीने गेलेली नव्हती.

पेज १९०६ साली अलाबामातल्या मोबील शहरात जन्मला. लहानपणी स्टेशनवर प्रवाशांच्या बॅगा उचलायचा, म्हणून ‘सॅचेल’ म्हणजे पिशवी हे नाव पडलं, असं सांगतात. विशीत तो व्यावसायिक पिचर झाला. पण मेजर लीगची दारं काळ्या खेळाडूंना बंद होती. बंदीचा लेखी नियम शोधायला गेलात तर सापडणार नाही; संघमालकांचा आपसातला समझोता होता. अशा समझोत्याचा फायदा काय, तर जबाबदार कुणालाच धरता येत नाही.

मग पेज नीग्रो लीगमध्ये खेळला. बर्मिंगहॅम, पिट्सबर्ग, कॅन्सस सिटी. हंगाम संपला की डिझी डीन, बॉब फेलर अशा गोऱ्या नामवंतांच्या संघांविरुद्ध प्रदर्शनीय सामने व्हायचे. तिकिटं खपायची. म्हणजे बघा, माणूस किती चांगला आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

१९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनने ती भिंत फोडली. पुढच्या वर्षी क्लीव्हलंडने पेजला करारबद्ध केलं, बरोबर त्याच्या बेचाळिसाव्या वाढदिवशी. ‘स्पोर्टिंग न्यूज’च्या संपादकाने टीका केली की यामुळे खेळाचा दर्जा घसरेल. पेजने त्या हंगामात ६ सामने जिंकले, १ हरला. ऑगस्टमधल्या एका सामन्यात त्याला बघायला ७८ हजारांवर लोक आले. त्याच वर्षी क्लीव्हलंडने वर्ल्ड सिरीज जिंकली.

१९६५ मध्ये ५९ व्या वर्षी तो बोस्टनविरुद्ध ३ डाव टाकून गेला, एकही धाव दिली नाही. १९७१ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली, पण आधी नीग्रो लीगवाल्यांसाठी तिथेही वेगळा विभाग ठेवायचं घाटत होतं! लोकांनी ओरड केली तेव्हा बेत बदलला.

पेज १९८२ मध्ये गेला. मेजर लीगमधली त्याची नोंद तेव्हा २८ विजय, ३१ पराभव. नुसते आकडे वाचणाऱ्याला वाटेल, सामान्यच होता की! नीग्रो लीगचे आकडे अधिकृत नोंदींत धरले गेले ते २०२४ मध्ये.

उशिरा का होईना, धरले हे चांगलंच. पण पंचविशीतला पेज मेजर लीगमध्ये काय करू शकला असता, ते कुठल्याच तक्त्यात येणार नाही. म्हणून कुणी ‘रेकॉर्ड बघा, गुणवत्ता बघा’ म्हणालं, की आधी एवढंच विचारावं: मैदानात कुणाला उतरू दिलं होतं?