धांवणाऱ्याचें वजन

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, अर्जुनी मोरगांव तालुक्यांत, केशोरी हें गांव आहे. सभोंवार अरण्य, मध्यें भाताचीं शेतें, आणि बाजारांत आपलें नांव राखून असलेली तिखट मिरची. पूर्व विदर्भांतल्या अशा गांवांतून पहांटेच्या अंधारांत रस्त्यावर पावलें वाजूं लागलीं म्हणजे समजावें कीं पोलीसभरती जवळ आली. भरतींत पुरुष उमेदवारास १६०० मीटर धांवावें लागतें. त्याच भरतींत त्याची छाती फितीनें मोजतात. ती न फुगवितां ७९ सेंटिमीटर भरावी आणि श्वास घेतल्यावर आणखी ५ सेंटिमीटर वाढावी, असा नियम आहे. एकाच मुलाकडून दोन निरनिराळ्या शरीरांची मागणी होत आहे, असें मला नेहमीं वाटतें. फीत विचारते, तूं भरदार आहेस का? रस्ता विचारतो, तूं हलका आहेस का? ह्या दोन प्रश्नांचा आपल्याकडील इतिहास आज सांगावयाचा आहे.

महाराष्ट्रांत शरीरसंपदा हा शब्द उच्चारतांच डोळ्यांपुढें पहिलवान उभा राहतो. जोर, बैठका, तांबडी माती, दूध-तूप आणि बदामाची थंडाई, हा त्याचा थाट. शाहू छत्रपतींनीं कोल्हापुरास कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ सालीं खासबाग मैदान पुरें झालें, तेव्हां ह्या आदर्शावर जणूं दगडी शिक्कामोर्तब झालें. घराघरांतून आयाबायांची भाषाहि तीच होती, व आजहि बरीचशी तीच आहे. मूल बाळसेदार असलें कीं निरोगी. अंगावर मांस चढलें कीं प्रकृति सुधारली. बारीक असला तर त्यास दृष्ट लागली किंवा खुराक कमी पडला. दुसरें एक शरीर ह्याच देशांत पिढ्यान्‌पिढ्या राबत होतें. राजधानीचीं पत्रें पोहोंचविणारा जासूद, डाकेची थैली खांद्यावर टाकून रान तुडविणारा हरकारा, ह्यांच्या पायांवर राज्यांचा कारभार चालला. परंतु हरकाऱ्याची तसबीर कोणीं दिवाणखान्यांत लावल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं.

त्या दुसऱ्या शरीराकडे सुशिक्षितांचें लक्ष प्रथम वळलें तें पुण्यास. डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा ह्यांनीं संस्थेच्या शर्यती पाहिल्या. धांवणारे बहुतेक शेतकरी तरुण होते, पायांत कांहीं नव्हतें, शास्त्रोक्त शिक्षणाचा गंध नव्हता. तरी लांब पल्ल्याच्या शर्यतींत त्यांनीं घेतलेला वेळ टाटांस उल्लेखनीय वाटला. त्यांतून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला सहा खेळाडू पाठविण्याचा उद्योग उभा राहिला आणि त्याच्या खर्चाचा मोठा भार टाटांनींच उचलला. ह्या सहांत बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते, सदाशिव दातार होते, आणि त्यांच्याबरोबर शिंदे व नवले हे दोन मल्लहि होते. म्हणजे तालीम आणि रस्ता एकाच बोटींतून निघाले!

अँटवर्पची मॅरेथॉन आजच्या ४२.१९५ किलोमीटरांहून लांब, ४२.७५ किलोमीटरांची होती. दातार ती पुरी करूं शकले नाहींत. चौगुले एकोणिसावे आले. वेळ २ तास ५० मिनिटें ४५ सेकंद. विजेता फिनलंडचा हान्नेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटें आणि ३५ सेकंदांत पोहोंचला होता. अठरा मिनिटांचें हें अंतर मोठें आहे खरें. परंतु परदेशच्या रस्त्यावर एवढा पल्ला पुरा करणें हीच त्या काळीं मोठी मजल होती. आपण मात्र त्यापुढें बत्तीस वर्षें कुस्तीचीच वाट पाहिली, आणि १९५२ सालीं हेलसिंकी येथें खाशाबा जाधवांनीं ५७ किलोच्या गटांत कांस्यपदक मिळविलें तेव्हां तें फळलें. त्याच हेलसिंकींत एमिल झाटोपेक ह्यानें पांच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन, ह्या तिन्ही शर्यती जिंकल्या.

आतां शास्त्र काय म्हणतें तें पाहूं. मल्लाला वजनाचा गट असतो; ५७ किलोच्या मल्लाची गांठ ९० किलोच्या मल्लाशीं पडत नाहीं. धांवणाऱ्याला गट नाहीं. त्याचें वजन त्याचें त्यानेंच प्रत्येक पावलागणिक उचलावयाचें. एक किलोमीटर धांवण्यास शरीराच्या दर किलोमागें सुमारे एक किलोकॅलरी ऊर्जा लागते, असा ढोबळ हिशेब आहे. मॅरेथॉनला ६० किलोच्या माणसाला अडीच हजारांच्या घरांत, तर ७० किलोच्या माणसाला तीन हजारांच्या जवळपास ऊर्जा खर्चावी लागते; आणि स्नायूंत व यकृतांत सांठविलेली साखर साधारण दोन हजारांचीच सोय करते. बाकीची उणीव चरबी जाळून भरून काढावी लागते, आणि चरबी सावकाश जळते. प्राणवायु घेण्याची शक्तीहि म्हणूनच शास्त्रज्ञ दर किलो वजनामागें मोजतात. त्यांत उष्णतेची भर. खर्च होणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णता होऊन बाहेर पडावा लागतो. ती निर्माण होते वजनाच्या मानानें आणि बाहेर जाते कातडीच्या विस्ताराच्या मानानें. वजन वाढतें त्या प्रमाणांत कातडी वाढत नाहीं. आपल्यासारख्या उष्ण देशांत भरदार देह लांब पल्ल्यास मागें पडतो ह्याचें हें एक कारण.

मग स्नायू नकोतच काय? येथें अविनाश साबळे ह्यांची हकीकत सांगण्याजोगी आहे. बीड जिल्ह्यांतील मांडवा गांवचे साबळे सैन्याच्या महार पलटणींत शिरले, सियाचिनच्या हिमांत राहिले, आणि पुढें तेथूनच धांवण्याकडे वळले. मध्यंतरीं त्यांचें वजन बरेंच वाढलें; प्रशिक्षक अमरीश कुमार ह्यांच्या देखरेखीखालीं त्यांनीं तीन महिन्यांत सुमारें २० किलो उतरविलें, असें वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें आहे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेंत ३००० मीटर स्टीपलचेसमध्यें त्यांनीं ८ मिनिटें ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळविलें. सुवर्ण एका सेकंदाच्या विसाव्या भागानें हुकलें. २०२३ च्या हांगझो आशियाई स्पर्धेंत तें सुवर्णहि आलें. परंतु ही शर्यत कसली आहे हें ध्यानांत घ्या. अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्यावरील उड्या! केवळ हाडांचा सांपळा असलेला माणूस पस्तीस वेळां उडी मारून पुन्हां वेगांत येऊं शकत नाहीं. साबळ्यांनीं टाकलें तें ओझें. मांडीपोटरीची ताकद ठेवून टाकलें, आणि जाणत्याच्या नजरेखालीं टाकलें.

वृत्तपत्र वाचणाऱ्या तरुणाच्या मनांत मात्र 'वीस किलो' एवढेंच राहतें. तो जेवण सोडतो आणि धांवणें वाढवितो. पहिले कांहीं आठवडे वेग वाढतोहि, आणि तेंच घातक. कारण त्यास आपली युक्ति बरोबर असल्याची खात्री पटते. पुढें शरीर काटकसरीस लागतें. मुलींची मासिक पाळी थांबते, हाडें पातळ होऊन त्यांना बारीक तडे जातात. मुलांमध्येंहि पुरुषत्वाचा संप्रेरक-रस घटतो, झोंप जाते, किरकोळ आजार मुक्काम ठोकतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें २०१४ सालीं ह्या अवस्थेस निराळें नांव देऊन ती स्त्रियांपुरती नाहीं हें जाहीर केलें. मराठींत तिला 'खेळांतील सापेक्ष ऊर्जा-तूट' म्हणतां येईल. नाशिक जिल्ह्यांतील सावरपाड्याच्या कविता राऊत ह्यांनीं २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेंत दहा हजार मीटरचें कांस्यपदक मिळविल्यापासून खेड्यापाड्यांतल्या पुष्कळ मुली धांवूं लागल्या. मुलगी बारीक झाली एवढें घरांत दिसतें. पाळी चुकली हें ती सांगत नाहीं. आयांनीं तें विचारावें, संकोच करूं नये.

केशोरीकडच्या मुलाला बदामाची थंडाई बहुधा मिळत नाहीं, आणि धांवण्यासाठीं ती लागतहि नाहीं. त्याच्या ताटांत भात आहे. शर्यतीच्या आदल्या दिवशीं पोटभर खाल्लेला भात रात्रींतून स्नायूंमध्यें साखर होऊन बसतो, आणि त्या साखरेचा प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारें तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. म्हणून शर्यतीच्या सकाळीं कांट्यावर उभें राहिल्यास वजन किलोभर अधिक भरतें, आणि नेमका त्याच सकाळीं तो मुलगा धांवण्यास सर्वांत सिद्ध असतो.