दुसरा राउटर

दुसरा राउटर : नेटचा मुख्य डबा घराच्या एका टोकाला आणि माणसे दुसऱ्या टोकाला, अशा घरात वाय-फायची रेंज वाढवण्यासाठी त्याच जोडणीवर बसवलेला अधिकचा राउटर. त्याचे वेगळे बिल येत नाही. तो नेटचा वेगही वाढवत नाही. मुख्य डब्यापर्यंत आलेला वेग आतल्या खोलीपर्यंत पोचवतो, इतकेच. या कामाला नवे यंत्र लागतेच असे नाही. फायबर आल्यावर कपाटावर जाऊन बसलेला जुना राउटरही चालतो. येथील विवेचन सोलापुरातील घरांपुरते आहे.

भिंती आणि छप्पर : सोलापुरात हा प्रश्न यंत्राचा कमी आणि बांधकामाचा जास्त आहे. जुन्या पेठांतील वाड्यांना दगडमातीच्या रुंद भिंती असतात. वर तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे माळवद असते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो तेव्हा हीच माती माजघर थंड ठेवते, आणि हीच माती वाय-फाय अडवते. ओली माती कोरडीपेक्षा जास्त लहरी शोषते. चांगला पाऊस झाल्यावर वरच्या खोलीतली रेंज उतरली, तर राउटरला दोष देण्याआधी माळवदाकडे पाहावे.

स्लॅबच्या घरात अडथळा वेगळा. काँक्रीटमधल्या सळ्यांची जाळी लहरी परतवते, म्हणून खालच्या मजल्यावरचा राउटर वरच्या मजल्याला पुरतोच असे नाही. शहराच्या पूर्व भागात खाली यंत्रमाग आणि वर बिऱ्हाड अशी घरे अनेक आहेत. तेथे स्लॅबच्या जोडीला मागांचे लोखंडही आडवे येते. नेटची वायर रस्त्यावरून येते, तिला जवळची म्हणून खालची खोली सापडते, आणि राउटर नेमका मागांमध्ये लटकतो.

पाण्याचाही हिशेब धरावा लागतो. नळाला काही दिवसांआड पाणी येण्याची सवय सोलापूरकरांना वर्षानुवर्षांची. त्यामुळे घरोघरी टाक्या, हौद, पिंपे. पाणी वाय-फायच्या लहरी चांगल्याच शोषते; हजार लिटरची भरलेली टाकी ही एक भिंतच समजावी, तीही नळ आल्यावर उभी राहणारी आणि चार दिवसांत वितळणारी.

याउलट कुंभारीजवळची रे नगर वसाहत. ३०,००० घरांच्या या प्रकल्पातील १५,००० घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. तेथील घरे लहान, त्यामुळे एका घराला एकच राउटर पुरून उरतो. तेथे अडचण आली तर ती शेजारच्या राउटरांच्या गर्दीची.

लहरी : घरगुती वाय-फाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत चालते. पहिल्या पट्ट्यातील लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, दुसऱ्यातील साधारण तिच्या निम्मी. पहिली भिंतीपार बऱ्यापैकी जाते पण तिथे गर्दी फार. दुसरीत वेग जास्त, दम कमी. रेंज डीबीएम या उणे आकड्यांत मोजतात. उणे ५० वरून उणे ८० वर येणे म्हणजे शक्ती हजारांश होणे. फोनवरच्या दांड्यांतून ही घसरण जाणवत नाही.

जोडणी : सर्वांत भरवशाचा मार्ग वायरीचा. मुख्य डब्याच्या लॅन पोर्टमधून कॅट-५ई किंवा कॅट-६ वायर काढून ती दुसऱ्या राउटरच्या लॅन पोर्टमध्ये घालतात. शंभर मीटरपर्यंत वायर चालते, म्हणजे वाडा कितीही मोठा असला तरी पुरते. बाहेरून नेताना उन्हाला टिकणाऱ्या आवरणाची घ्यावी. साधी वायर सोलापूरच्या उन्हात लवकर तडकते. फोनना पत्ते वाटणारी डीएचसीपी ही सोय मुख्य डब्याकडेच ठेवून दुसऱ्याची बंद करतात. एका घरात दोन कारभारी झाले की कुणाचाच फोन धड लागत नाही. दुसऱ्याचा स्वतःचा पत्ताही बदलावा लागतो. मुख्य डबा १९२.१६८.१.१ असेल, तर दुसऱ्याला त्याच रांगेतला पण वाटपाबाहेरचा पत्ता देतात. हल्लीच्या अनेक राउटरांत ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ निवडला की ही सारी कामे आपोआप होतात. २.४ च्या पट्ट्यात दोघांना १, ६, ११ पैकी वेगवेगळे चॅनेल द्यावे. जुन्या स्वस्त राउटरचे पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचे असतात. घेतलेला प्लॅन त्याहून मोठा असला, तरी आतल्या खोलीत शंभराच्या वर काही मिळत नाही.

दोन्ही राउटरांना एकच नाव द्यावे की निराळे, यावर एकमत नाही. नाव एकच असेल तर फोन स्वतःहून राउटर बदलतो, पण काही फोन लांबच्या राउटरलाच चिकटून राहतात.

रिपीटर : वायरीविना रेंज पुढे ढकलणारे यंत्र. एकाच पट्ट्यावर ऐकणे आणि बोलणे दोन्ही करावे लागल्याने वेग निम्म्यावर येतो. बाजारात जास्त खपण्याजोगे, जाड भिंतीच्या वाड्यात कमी उपयोगाचे.

मेश : दोन-तीन यंत्रांचा जुळवलेला संच. महाग.

परवाना : घरगुती वापराला परवाना लागत नाही. २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा परवानामुक्त झाला. तिच्यात प्रक्षेपकाची शक्ती १ वॅट आणि अँटेनासह प्रभावी शक्ती ४ वॅट अशी मर्यादा आहे. अँटेना इमारतीच्या छतापासून ५ मीटरपेक्षा उंच नसावा, असेही तीत म्हटले आहे. गच्चीवर बांबू रोवून त्यावर राउटर चढवणाऱ्या हौशींनी हे कलम ध्यानात ठेवावे. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांवरील मोकळीक ऑक्टोबर २०१८ मध्ये बरीच वाढली. ती बाहेरच्या वापरालाही लागू झाली.

देखभाल : घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात वापराचे तापमान बहुधा ० ते ४० अंश छापलेले असते. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ही मर्यादा सकाळी अकरालाच ओलांडली जाऊ शकते. कोनाडा दिसायला सोयीचा. पण तीन बाजूंनी भिंत आणि हवा कोंडलेली, म्हणून टाळावा. वीज गेल्यावर नेट हवे असेल तर मुख्य डबा आणि दुसरा राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावे लागतात. एकच घेतला तर समोरच्या सोप्यात नेट चालते आणि माजघरात बंद पडते.