कमळाचें चिनी धूपपात्र

वडिलांच्या तसबिरीपुढें उदबत्ती लावावी कीं नाहीं, हा प्रश्न आपल्या शिर्डीकडील ख्रिस्ती घरांतूनही निघतो. चिनी ख्रिस्ती जनांस तो फार जड गेला. तिकडील जुन्या कांशाच्या धूपपात्रांवर पुष्कळदां कमळें कोरलेलीं दिसतात. ही सजावट बौद्ध धर्माबरोबर आपल्याच देशांतून तेथें जाऊन रुळली. अशा पात्रांत पूर्वजांपुढें धूप जाळणें ही पूजा कीं केवळ आदर? १५८२ सालीं गोव्याहून चीनकडे निघालेले येशूसंघीय फादर मात्तेओ रिच्ची ह्यांनीं तो आदरच मानिला. पोप अकरावे क्लेमेंट ह्यांनीं १७१५ त व चौदावे बेनेडिक्ट ह्यांनीं १७४२ त तो निषिद्ध ठरविला. मग पुत्रधर्म पाळावा कीं ख्रिस्तधर्म? १९३९ सालीं बारावे पायस ह्यांनीं पूर्वजांस वंदन करण्याची मोकळीक दिली; तेव्हां रिच्चींना जाऊन ३२९ वर्षें झालीं होतीं.