विष्णु माधव घाटगे : शस्त्र घेणे आणि शस्त्र घडविणे

होळकरशाहीतील कन्नौदसारख्या गावी पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आम्हा मराठी घरांत महिदपूरची आठवण अजून निघते. २१ डिसेंबर १८१७ रोजी शिप्रेच्या काठी होळकरांच्या तोफांनी शर्थ केली, तरी लढाई हातची गेली. त्याआधी १८०३ मध्ये शिंद्यांच्या कवायती पलटणींतील इंग्रज अधिकारी कंपनी सरकारच्या जाहीरनाम्यासरशी चाकरी सोडून निघून गेले होते. तोफा दौलतीच्या होत्या. कवायतीची विद्या मात्र पगारी होती.

ही उणीव ओळखून ज्यांनी पुढे आयुष्य वेचले, त्यांत डॉ. विष्णु माधव घाटगे यांचे नाव आम्ही आदराने घेतो. १९०८ मध्ये कोल्हापूर भागातील हसूरचंपू येथे त्यांचा जन्म झाला. जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली त्यांनी वायुगतिशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूरला काढलेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात ते आरंभीच्या काळातच दाखल झाले. अंगावर गणवेश नाही, छातीवर पदके नाहीत. आयुष्यभर काम मात्र सैन्याच्या गरजेचे.

महायुद्धात कारखान्याला मुख्यतः दोस्तांच्या विमानांची दुरुस्ती करावी लागली. स्वातंत्र्यानंतर वायुदलाला हवी असलेली विमाने परदेशांतून येत होती, आणि तातडीची गरज पाहता त्यात गैर काही नव्हते. घाटगे यांनी मात्र आरंभ शिकाऊ वैमानिकांच्या विमानापासून केला. असे विमान मोठ्या संख्येने लागते, त्याचा वेग बेताचा असतो आणि ते घडविताना कारागीरही शिकतो. त्यांच्या मार्गदर्शनाखाली आखलेले एचटी-२ ऑगस्ट १९५१ मध्ये आकाशात झेपावले. अशी दीडशेहून अधिक विमाने तयार झाली. काही घानाच्या वायुदलानेही घेतली. त्यापाठोपाठ पुष्पक, कृषक आणि १९६४ मध्ये जेट इंजिनाचे किरण आले. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या यशाला एक बाजू आणखी आहे, ती झाकणे आम्हास योग्य वाटत नाही. एचटी-२ चे इंजिन विलायती होते. कुर्ट टांक यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरलाच घडलेले मारुत हे लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजी उडाले; पण त्यास साजेसे शक्तिमान इंजिन कधीच न मिळाल्याने त्याचा अपेक्षित वेग कागदावरच राहिला. सांगाडा आपला आणि प्राण परका, ही स्थिती महिदपूरच्या काळाहून बरी, परंतु पुरती सुटकेची नव्हे.

घाटगे १९९१ मध्ये निवर्तले. आमच्या घरांतून सरदारांच्या तलवारी आणि सनदा जपून ठेवलेल्या असतात, आणि ते उचितच आहे. त्याच फडताळात एचटी-२ चे एखादे छायाचित्रही असावे, एवढेच आमचे म्हणणे. ज्याने कोणावर शस्त्र उगारले नाही, त्या इंजिनिअराच्या विमानातून या देशाच्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्या पहिल्यांदा आकाशात गेल्या.