दुर्बिणीच्या आरशापासून टाकाऊ डायोडपर्यंत

घरातील जुना संगणक मोडीत निघाला म्हणजे भंगारवाला त्याचे वजन करतो. पत्रा, तांब्याची तार, पंखा यांचा भाव त्याला ठाऊक असतो. तबकडी फिरविणाऱ्या डिस्क ड्राइव्हकडे मात्र तो फारसे पाहत नाही. त्या पेटीत एका लहानशा सरकत्या गाड्यावर, ज्वारीच्या दाण्याएवढ्या धातूच्या टोपीत, मिठाच्या कणासारखा एक स्फटिक बसविलेला असतो. तबकडीवरील गाणे वा चित्रपट वाचणारा लेसर तो हाच. हा डायोड सोडवून घ्यावयाचा, त्याला भिंग व विद्युत्प्रवाहाची सोय जोडावयाची आणि घरच्या मेजावर लेसर उभा करावयाचा, हा उद्योग चालू शतकाच्या पहिल्या दशकात देशोदेशींच्या हौशी मंडळींनी आरंभिला. वरवर पाहता हा भंगारावरचा खेळ आहे. परंतु या स्फटिकाला प्रथम प्रकाशमान करणारे हातही घरगुती कारागिरीतच तयार झाले होते, ही गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असते.

त्या हातांचे धनी रॉबर्ट हॉल हे अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात 1919 साली जन्मले. शाळकरी वयात त्यांना आकाशनिरीक्षणाचा नाद लागला आणि दुर्बीण विकत घेण्याऐवजी ती आपणच करावी असे त्यांनी ठरविले. अशा दुर्बिणीचे मर्म तिच्या आरशात असते. काचेच्या दोन जाड चकत्या एकमेकींवर ठेवून मध्ये कुरुंदासारखी कठीण पूड घालावयाची आणि दिवसचे दिवस घासत बसावयाचे. पुढे पूड अधिकाधिक बारीक करीत जावयाचे आणि शेवटी राळेच्या गादीवर झिलई द्यावयाची. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या अंशाएवढी चूकदेखील आरसा बिघडविते. हे काम यंत्राने नव्हे, बोटांनी शिकावे लागते.

पुढे हॉल स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या संशोधनशाळेत रुजू झाले. 1960 च्या मे महिन्यात थिओडोर मैमन यांनी कॅलिफोर्नियात माणकाचा पहिला लेसर चालविला होता; पण अर्धवाहकाच्या तुकड्यातून तसा प्रकाश मिळेल याची आशा फार थोड्यांना होती. 1962 च्या जुलैमध्ये न्यू हँपशर राज्यातील डरहॅम येथे भरलेल्या परिषदेत लिंकन प्रयोगशाळेच्या संशोधकांनी सांगितले की, गॅलियम आर्सेनाइडच्या डायोडमध्ये विजेचे प्रकाशात रूपांतर आश्चर्य वाटावे इतक्या मोठ्या प्रमाणात होते. परिषदेहून परतताना हॉल आगगाडीतच आकडेमोड करीत बसले. घरी पोहोचेपर्यंत त्यांची खात्री पटली होती की हे जमेल.

लेसरसाठी एकमेकांना समांतर असे दोन आरसे लागतात. त्यांच्यामध्ये प्रकाश येरझारा घालतो आणि प्रत्येक खेपेस आपल्यासारखाच आणखी प्रकाश सोबत घेतो. गॅलियम आर्सेनाइडचे उघडे पृष्ठच सुमारे एक तृतीयांश प्रकाश परत फेकते; त्यामुळे निराळे आरसे बसविण्याची गरज नव्हती. मात्र मिलिमीटरहूनही लहान अशा तुकड्याच्या दोन समोरासमोरच्या बाजू काटेकोर समांतर आणि आरशासारख्या लखलखीत हव्या होत्या. इथे हॉल यांची जुनी झिलई कामास आली. फेनर, किंग्जली, सॉल्टिस व कार्लसन हे त्यांचे सहकारी होते. 16 सप्टेंबर 1962 रोजी, द्रव नायट्रोजनच्या थंडीत, म्हणजे शून्याखाली 196 अंशांवर, विजेचे क्षणिक स्पंद देताच त्या तुकड्यातून लेसर-प्रकाश निघाला. तो अवरक्त असल्याने डोळ्यांना दिसणारा नव्हता. उपकरणाने त्याची साक्ष दिली.

दृश्य, तांबडा प्रकाश त्याच कंपनीच्या सिरॅक्यूज येथील शाखेत पुढच्याच महिन्यात मिळाला. तेथील निक होलोन्याक हे इलिनॉयमधील एका कोळसा खाणकामगाराचे पुत्र. स्फटिक झिलई न देता नैसर्गिक भेगेवर फोडून आरसे मिळवावेत असा त्यांचा बेत होता. तो साधेना, तेव्हा त्यांनाही अखेर घासण्याकडेच वळावे लागले. (पुढे कारखान्यांनी होलोन्याक यांचीच फोडण्याची पद्धत स्वीकारली, हेही नमूद केले पाहिजे.) आपल्या देशातही या स्फटिकाची चाहूल उशिरा लागली नाही. गॅलियम आर्सेनाइडचा लेसर मुंबईजवळ ट्रॉम्बे येथील अणुशक्ती संस्थेत 1964 साली तयार झाला, आणि त्याच परंपरेतून 1984 मध्ये इंदूरला लेसर व त्वरक यांच्यासाठी स्वतंत्र संशोधनकेंद्र स्थापन झाले.

द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवावयाचा लेसर घराघरांत जाणे शक्यच नव्हते. तो मार्ग 1970 साली मोकळा झाला. लेनिनग्राडमध्ये झोरेस अल्फेरॉव्ह यांच्या गटाने आणि थोड्याच आठवड्यांनी अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील हायाशी व पॅनिश यांनी निरनिराळ्या अर्धवाहकांचे थर एकावर एक चढवून, खोलीच्या साध्या तापमानास अखंड चालणारा डायोड केला. त्या पहिल्या डायोडांचे आयुष्य फारच थोडे असे. ते वाढविण्यात पुढली कित्येक वर्षे गेली. 1 ऑक्टोबर 1982 रोजी जपानमध्ये पहिले सीडी-यंत्र विक्रीस आले, तेव्हा त्यात 780 नॅनोमीटर तरंगलांबीचा डायोड होता. 1996 मध्ये डीव्हीडी आली आणि तांबडा, 650 नॅनोमीटरचा डायोड घेऊन आली. तबकडी केवळ वाचावयाची तर किंचित प्रकाश पुरतो. पण ग्राहकाला घरीच तबकडी लिहावयाची झाली, म्हणजे तिच्यातील रंगद्रव्य भाजण्यासाठी शंभर मिलिवॉटहून अधिक शक्तीचा डायोड यंत्रात बसवावा लागला. स्मृतिपट्ट्या आणि इंटरनेट यांनी पुढे तबकडीचे काम काढून घेतले; यंत्रे अडगळीत गेली आणि त्यांच्या पोटातील डायोड बहुधा धडधाकटच राहिले.

घरी लेसर करण्याची हौस याहून जुनी आहे. सायंटिफिक अमेरिकन मासिकातील हौशी शास्त्रज्ञांचे सदर 1964 च्या सप्टेंबरमध्ये घरगुती वायू-लेसर कसा करावा हे सांगत होते. त्यासाठी काचनळ्या फुंकण्याची कला, निर्वात पंप आणि उच्च दाबाची वीज हवी होती. मौज अशी की ते सदर मुळात दुर्बिणीचे आरसे घासणाऱ्यांच्या पानांतूनच वाढलेले होते. टाकाऊ डायोड हाताशी आल्यावर पंप गेला, काचकाम गेले, उच्च दाबही गेला. जी उरली ती निराळ्या जातीची नाजूक कामगिरी.

कारण हा स्फटिक फार चटकन मरतो. अंगावरील स्थिर विजेची न जाणवणारी ठिणगी त्याला पुरते; म्हणून जाणते लोक गाड्यावरून काढताना त्याचे पाय बारीक तारेने एकत्र बांधून ठेवतात. बॅटरी थेट जोडली तर तो गेलाच म्हणून समजावे. त्याला ठरावीक दाब नव्हे, ठरावीक प्रवाह लागतो. तो एलएम 317 नावाच्या स्वस्त नियंत्रकाने आणि एका रोधाने मिळतो. नियंत्रक आपल्या दोन टोकांत 1.25 व्होल्ट राखतो, म्हणून 10 ओहमच्या रोधातून 125 मिलिअँपिअर वाहतात. शहाणा माणूस प्रथम डायोडच्या जागी साधे डायोड जोडून प्रवाह मोजतो. उष्णता वाहून नेण्यास पितळेची वा अॅल्युमिनियमची बैठक हवी. प्रकाश बाहेर पडताच पंख्यासारखा पसरतो, कारण ज्या फटीतून तो निघतो ती काही मायक्रॉनांचीच असते. भिंग लावल्यावाचून त्याचा झोत होत नाही. एवढे करूनही प्रवाह थोडा अधिक झाला, तर हॉल यांनी घासून मिळविलेल्या आरशाचा हा वंशज स्वतःच्याच प्रकाशाने करपतो. मग डायोड जळतो तसा जळतच राहतो, पण मंद तांबड्या दिव्यासारखा. तो लेसर उरत नाही.

डोळ्याचा धोका त्याहून गंभीर. एक मिलिवॉटपर्यंतचा दृश्य झोत चुकून डोळ्यात शिरला तर सुमारे पाव सेकंदात मिटणारी पापणी दृष्टिपटलास वाचविते. शंभर मिलिवॉटपुढे पापणीचा उपयोग नाही. इजा त्याआधीच होते, आणि चकचकीत चमच्यावरून उसळलेला झोतही तीच इजा करतो. साधा काळा चष्मा येथे कुचकामी आहे. त्या तरंगलांबीसाठीच केलेला चष्मा लागतो. सीडीचा अवरक्त डायोड तर अधिकच फसवा, कारण त्याचा झोत जवळजवळ दिसतच नाही आणि पापणीला मिटण्याचे निमित्त मिळत नाही. फुगे फोडण्याचे आणि काड्या पेटविण्याचे जे प्रयोग हौशी मंडळी मोठ्या अभिमानाने दाखवितात, त्यांतून शिकावयास मिळते ते थोडे, आणि डोळे मात्र पणास लागतात.

खरे पाहावयाचे ते निराळेच आहे. रोध मोठा घेऊन प्रवाह अगदी थोडा ठेवावा आणि भिंतीवरील डाग पाहत तो हळूहळू वाढवावा. आरंभी भिंतीवर नुसती मऊ तांबडी आभा दिसते. प्रवाह एका विशिष्ट मर्यादेपलीकडे गेला की ती आभा एकाएकी तेजाळते आणि तिच्यात वाळूसारखे चमचमणारे कण उमटतात. डोके हलविले तर तेही हलल्यासारखे भासतात. ते कण म्हणजे एकाच तालात चालणाऱ्या तरंगांची खूण. दिव्याचा लेसर झाला तो नेमका त्या क्षणी. स्केनेक्टडीच्या प्रयोगशाळेत 1962 साली हीच मर्यादा ओलांडली गेली होती.

त्या मर्यादेच्या किंचित वर, क्षीण ठेवलेला तांबडा झोत एका पुठ्ठ्याच्या छिद्रातून, दहा सेंटिमीटरवर सरळ धरलेल्या जुन्या सीडीवर सोडला, की पुठ्ठ्यावर छिद्राच्या दोन्ही बाजूंस सुमारे साडेचार सेंटिमीटरवर एकेक ठिपका पडतो. त्या कोनावरून तबकडीवरील ओळींचे अंतर 1.6 मायक्रॉन निघते; मोजण्यास शाळकरी पट्टी पुरते. सीडीच्या जागी डीव्हीडी धरली तर तो ठिपका अठरा सेंटिमीटरांपलीकडे जाऊन पडतो, कारण तिच्या ओळी निम्म्याहूनही जवळ, 0.74 मायक्रॉनवर, कोरलेल्या असतात.