थियारोयचा थकलेला पगार

"तुम्ही नेमके कुणाच्या बाजूनं लढलात हो?" दर एक जानेवारीला आपल्याला हा प्रश्न विचारला जातो. कोरेगावच्या खांबावर 'नाक' लागलेली नावं आहेत, ती माणसं १८१८ साली कंपनीच्या फौजेत होती, म्हणजे तुमचं इमान विकलेलं, असा हा हिशेब. विचारणारे कोण ते सांगायला नको. याचं उत्तर मला एका आफ्रिकन पिक्चरमध्ये सापडलं, म्हणून हे लिहितोय.

पिक्चरचं नाव 'कां द थियारोय', म्हणजे थियारोयची छावणी. साल १९८८. काढणारे दोघं, सेनेगलचे उस्मान सेम्बेन आणि थिएर्नो फाती सोव. सेम्बेन स्वतः दुसऱ्या महायुद्धात फ्रेंचांचा शिपाई होता. पुढं मार्सेयच्या गोदीत हमाली केली, तिथंच लिहायला लागला. हमाली केलेल्या माणसानं युद्धाचा पिक्चर काढला की त्यात मर्दुमकी कमी आणि पगाराचा हिशेब जास्त.

आधी घडलं काय ते बघा. फ्रान्सनं १८५७ पासून काळ्या पलटणी उभ्या केल्या. नाव सेनेगाली, माणसं मात्र सबंध पश्चिम आफ्रिकेतली. नाव कुठलं द्यायचं तेही मालकानंच ठरवलं. १९४० मध्ये फ्रान्स पडला, हे जर्मनांच्या कैदेत गेले. सुटल्यावर तेराशेच्या आसपास शिपाई नोव्हेंबर १९४४ मध्ये डाकारजवळ थियारोयला आणून ठेवले. कैदेतल्या दिवसांचा पगार थकला होता, तो त्यांनी मागितला. १ डिसेंबरच्या सकाळी फ्रेंच फौजेनं त्यांच्यावर गोळ्या घातल्या. मेले ३५, असा सरकारी आकडा. खरा आकडा याहून पुष्कळ मोठा, असं इतिहासकार म्हणतात. वाचलेल्यांपैकी ३४ जणांना शिक्षा झाली. गुन्हा: बंड!

पिक्चरमधला सार्जंट दियाता शिकलेला. फ्रेंच अस्खलित, इंग्रजी येतं, गोऱ्यांचं शास्त्रीय संगीत ऐकतो. बायको फ्रेंच, एक मुलगी, दोघी तिकडं फ्रान्सात. आणि घरी परततो तर कळतं की १९४२ मध्ये फ्रेंच फौजेनंच त्याचं गाव जाळलं, आईबाप मारले. आता ह्यानं इमान कुणाशी राखायचं सांगा. नातेवाईक भेटायला येतात, त्यांनी त्याच्यासाठी आपल्यातली मुलगी बघून ठेवलीय. तो ना इकडचा ना तिकडचा. आपल्यातले पहिल्या पिढीचे शिकलेले हा चेहरा ओळखतील.

एक प्रसंग तर डोक्यातून जात नाही. जर्मनांकडून सुटलेल्या या शिपायांच्या अंगावर अमेरिकन वर्दी आहे. दियाता ती घालून डाकारच्या एका बाजारबसव्या अड्ड्यावर जातो. अमेरिकन काळा समजून त्याला बसवतात, दारू देतात. आफ्रिकेचा आहे कळल्यावर हाकलतात. माणूस तोच, कातडी तीच. बाहेर अमेरिकन लष्करी पोलीस त्याला बडवतात. जात विचारून पाण्याचा पेला काढून घेणारं गाव आपण पाहिलंय, त्यामुळं हा प्रसंग आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

मग ती वर्दीही काढून घेतात, जुनी लाल टोपी डोक्यावर येते. आणि शेवटी पैसे. शिपायांजवळचे फ्रान्समधले फ्रँक बदलून द्यायचे, तर साहेब म्हणतो निम्मेच मिळतील. हजाराचे पाचशे. इथं फौज बिथरते. झेंडा, देश, सगळं त्यांनी सोसलं होतं. पण अर्धा पैसा म्हणजे अर्धा माणूस, हे त्यांना बरोबर कळलं. जनरलला ते अडकवून ठेवतात, तो शब्द देतो, हे विश्वास ठेवून सोडतात. रात्री नाचगाणी. पहाटे रणगाडे.

पेई नावाचा शिपाई बुखेनवाल्डच्या छळछावणीतून आलेला. वाचा गेलीय, डोक्यावर जर्मन हेल्मेट. थियारोयची काटेरी तार तो हातानं चाचपतो. रणगाडे पहिल्यांदा त्यालाच दिसतात. तो ओरडून सांगू बघतो, शब्द फुटत नाही, सोबती त्याला वेडा समजतात.

शिपायांची भाषा मोडकी पलटणी फ्रेंच आहे. सेम्बेननं ती शुद्ध करून घेतली नाही, हे मला फार आवडलं. दयाळू कप्तान रेमंड मात्र मला जड जातो. आपल्याकडचे सुधारक असेच, मनानं चांगले, गोळी सुटताना लांब उभे. दियाताही जरा जास्तच सुसंस्कृत झालाय. माणूस म्हणून मान मिळायला काळ्या शिपायाला युरोपचं संगीत कळायलाच हवं काय?

आता आपल्याकडे या. १८९३ च्या सुमाराला इंग्रजानं महारांची भरती थांबवली. गोपाळबाबा वलंगकरांनी, जे स्वतः पेन्शनर शिपाई, १८९४ मध्ये अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये लिहिला. महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार पलटण काढली, १९२१ मध्ये मोडली. इमान आम्ही विकलं म्हणता? गिऱ्हाइकानं माल वापरला आणि पैसे दिले नाहीत, असा हा सौदा. त्याआधी ज्यांनी आम्हाला गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांनी तर सौदाही केला नव्हता. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला कोरेगावला गेले, ते इंग्रजाची आरती करायला नव्हे. अर्ज करणाऱ्यांचे बाप लढलेत, हे दाखवायला गेले.

फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षानं नोव्हेंबर २०२४ मध्ये सेनेगलच्या राष्ट्राध्यक्षाला पत्र लिहिलं. थियारोयला जे झालं ती कत्तल होती, असं त्यात मान्य केलं. 'बंड' हा शब्द खोडायला ८० वर्षं लागली. पिक्चरच्या शेवटी मात्र १९४४ च आहे. प्रेतं पुरून झालीत, आणि नव्या भरतीची काळी पोरं बोटीत चढतायत.