उर्दूतला ‘अगर’ आणि इंग्रजीतला ‘इफ’

नाशिकच्या गंगापूर रोडवर के.टी.एच.एम. महाविद्यालय आहे आणि हाच रस्ता धरून धरणाकडे गेले की यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ लागते. पदवीसाठी अशा ठिकाणी येणाऱ्यांत उर्दू माध्यमातून शिकलेले विद्यार्थीही असतात. याच जिल्ह्यातल्या मालेगावात उर्दू शाळा भरपूर आहेत. महाराष्ट्रात २००० पासून सर्वच माध्यमांत इंग्रजी पहिलीपासून शिकवतात. म्हणजे शब्द ओळखीचे झालेले असतात. घोटाळा होतो तो ‘इफ’च्या वाक्यात, आणि नोकरीच्या मुलाखतीत तो महागात पडू शकतो.

समजा, उमेदवाराच्या मनात आहे, “अगर नौकरी मिली तो सोमवार से आ जाऊँगा.” उर्दूत हे अगदी बिनचूक वाक्य आहे. ‘मिली’ हे रूप भूतकाळाचे, पण गोष्ट पुढची. मराठीतही आपण तसेच बोलतो : “नोकरी मिळाली तर सोमवारपासून येईन.” उमेदवार शब्दाला शब्द लावतो आणि म्हणतो, “इफ आय गॉट द जॉब, आय विल जॉइन ऑन मंडे.” इंग्रजीत इथे साधा वर्तमानकाळ हवा : “इफ आय गेट द जॉब, आय विल जॉइन ऑन मंडे.”

काही जण ‘गॉट’ तसेच ठेवून पुढचे ‘विल’ बदलून ‘वुड’ करतात. त्याने वाक्य व्याकरणात बसते, पण अर्थ फिरतो. ‘इफ आय गॉट… आय वुड’ म्हणजे ‘मिळेल असे वाटत नाही, पण समजा मिळालीच तर’. ऐकणाऱ्याला वाटते, याचा स्वतःवरच भरवसा नाही. उर्दूत आणि मराठीत शर्तीतला भूतकाळ ‘ते आधी घडले तर’ एवढेच सांगतो. इंग्रजीत तोच भूतकाळ शक्यता लांब ढकलतो. या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच.

दुसरी चूक याच्या उलट दिशेची. “अगर बारिश होगी तो नहीं आऊँगा” असे उर्दूत सर्रास बोलतात, म्हणून “इफ इट विल रेन” असे लिहिले जाते. पुढच्या घटनेची साधी अट सांगताना ‘इफ’च्या भागात ‘विल’ येत नाही. ते परिणामाच्या भागात येते.

उर्दू व्याकरणात वाक्याच्या या दोन भागांना शर्त आणि जज़ा म्हणतात. त्यांच्यातला सांधा म्हणजे ‘तो’, मराठीतला ‘तर’. बोलताना ‘अगर’ गाळला तरी चालते, ‘तो’ सहसा गाळत नाहीत : “बारिश हुई तो नहीं आऊँगा.” इंग्रजीत नेमके उलटे आहे. ‘इफ’ ठेवावा लागतो आणि ‘देन’ बहुतेकदा नकोच असतो. प्रत्येक वाक्यात ‘देन’ घालण्याची सवय इथूनच येते.

जे घडलेच नाही त्याबद्दल बोलताना अडचण वाढते. “अगर वो मेहनत करता तो पास हो जाता.” ‘करता’, ‘हो जाता’ : दोन्ही भागांत एकाच घडणीचे रूप. मराठीतही “केली असती तर झाला असता” असा जोड जमतो. म्हणून विद्यार्थी इंग्रजीतही दोन्हीकडे एकच रूप घालतो : “इफ ही वुड हॅव वर्क्ड हार्ड, ही वुड हॅव पास्ड.” प्रमाण इंग्रजीत पहिल्या भागात ‘हॅड वर्क्ड’ हवे आणि ‘वुड हॅव’ फक्त दुसऱ्या भागात.

शिवाय ते उर्दू वाक्य आजच्याबद्दल आहे की गेल्या वर्षीच्या परीक्षेबद्दल, हे संदर्भावरून ठरते. इंग्रजीत ते रूपातच सांगावे लागते. आज अभ्यास करत नाही, म्हणून पास होण्याची आशा नाही : “इफ ही वर्क्ड हार्ड, ही वुड पास.” परीक्षा होऊन गेली, निकाल लागला : “इफ ही हॅड वर्क्ड हार्ड, ही वुड हॅव पास्ड.” तेव्हा भाषांतराला हात घालण्यापूर्वी निकाल लागला आहे का, हे स्वतःला विचारावे.

‘अनलेस’च्या बाबतीत मात्र मराठी मदतीला येते. “जब तक तुम नहीं आओगे, मैं नहीं जाऊँगा” यातल्या ‘नहीं’मुळे “अनलेस यू डोन्ट कम” अशी चूक होते. मराठीतला ‘आल्याशिवाय’ आठवावा. त्यात नकार आतच आहे, वेगळा ‘नाही’ लागत नाही. ‘अनलेस’ही तसाच : “आय वोन्ट गो अनलेस यू कम.” राज्यातल्या उर्दू शाळांत मराठी शिकवली जातेच, तेव्हा हा दाखला मुलांना परका नाही.

काळांमधला गोंधळ थोडा पारिभाषिक नावांमुळेही होतो. ‘गया था’ याला उर्दू व्याकरणात माज़ी बईद म्हणतात, म्हणजे दूरचा भूतकाळ. इंग्रजीच्या तासाला पास्ट परफेक्टला हेच नाव जोडले जाते. पण पास्ट परफेक्ट दूरचा नसतो. तो भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधीचा असतो, मग अंतर पाच मिनिटांचे का असेना. “मैं कल मालेगाँव गया था” याचे इंग्रजी साधेच : “आय वेन्ट टू मालेगाव यस्टरडे.” ‘आय हॅड गॉन’ म्हटले की ऐकणारा पुढच्या घटनेची वाट पाहत बसतो. “गाडी यायच्या आधीच मी निघून गेलो होतो” असे सांगायचे असेल तर ‘हॅड’ योग्य.

माज़ी क़रीब, म्हणजे ‘देखा है’, याचेही तसेच. “मैंने कल उसे देखा है” हे उर्दूत खपते, पण ‘यस्टरडे’ आले की इंग्रजीत ‘हॅव सीन’ चालत नाही, ‘सॉ’ लागते. आणि “तीन साल से नाशिक में रहता हूँ” यासाठी मात्र तेच ‘हॅव’ आवश्यक : “आय हॅव बीन लिव्हिंग इन नाशिक फॉर थ्री इयर्स.” इथे ‘से’साठी ‘सिन्स’ लावू नये. ‘सिन्स’ सुरुवातीच्या क्षणाला लागतो, जसे सिन्स २०२१; कालावधीला ‘फॉर’.